एकोणिसावा घाव

अमडापूरच्या बसथांब्यावरून खामगावच्या दिशेने निघालं की पेट्रोल पंपानंतर डाव्या हाताला पत्र्याची एक शेड लागते. बाहेर गंजलेले अँगल, एक तुटकी ट्रॉली आणि उन्हाने पांढरा पडलेला 'इंद्रभान वेल्डिंग वर्क्स' असा बोर्ड. मागच्या मार्चमध्ये मी तिथे पाच वेळा गेले. पाचही भेटींच्या तारखा आणि वेळा माझ्या वहीत आहेत. पुढचं सगळं त्या वहीवरून आणि फोनमधल्या चौदा रेकॉर्डिंगवरून लिहिते आहे. जे वहीत नाही ते इथेही नाही.

मी बावीस वर्षं एका दैनिकासाठी चिखली तालुका पाहते. बाजारभाव, अपघात, पाणीटंचाई, ग्रामसभा. संध्याकाळी सहापर्यंत बातमी गेली पाहिजे आणि त्यातला आकडा चुकता कामा नये, एवढीच शिस्त मला अंगवळणी पडली आहे. इंद्रभान यांच्याकडे मी रविवारच्या पुरवणीतल्या लेखासाठी गेले होते. सातशे शब्द, दोन फोटो.

विषय साधा होता. इंद्रभान अठ्ठावन्न वर्षांचे, पिढीजात लोहार. पण गेली अकरा वर्षं ते फक्त वेल्डिंग करत होते. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॅक्टरचे हुक. ऐरण मागे पोत्यांखाली पडून होती. मग त्यांची मुलगी सुचिता अमरावतीहून इंटिरियरचा कोर्स करून परत आली आणि तिने एक ऑर्डर आणली. चिखली रस्त्याला नवं लॉन होत होतं, लग्नकार्यांसाठी. त्याच्या मंडपात टांगायला चाळीस लोखंडी दिवे हवे होते, सगळे हाताने घडवलेले. प्रत्येक दिव्याला पळसाची नऊ पानं, बल्बभोवती आत वळलेली, म्हणजे उजेड पानांच्या फटींतून खाली पडेल. लॉनचं उद्घाटन पाडव्याला होतं.

पहिली भेट, पाच मार्च, सकाळी साडेदहा.

शेडमध्ये मध्यभागी भट्टी, तिला विजेचा पंखा लावलेला. भट्टीशेजारी जमिनीत पुरलेल्या बाभळीच्या ओंडक्यावर ऐरण. उत्तरेला एक खिडकी, तिला गज आहेत, काच नाही. दक्षिणेला दार. दाराच्या बाजूला सरस्वतीबाई उभ्या होत्या, इंद्रभान यांच्या पत्नी. पदर कमरेला खोचलेला, हातात आठ किलोचा घण.

"लिहून घ्या, घण बाईच्या हातचा आहे म्हनून," त्या मला म्हणाल्या. "नाहीतर फोटो यांचाच छापान, आन मी मांगं चहा करून राह्यली असं दिसन."

काम कसं चालतं ते मी नीट पाहिलं. इंद्रभान डाव्या हातातल्या सांडशीने तापलेली पट्टी ऐरणीवर धरतात. उजव्या हातात छोटी हातोडी. घाव जिथे हवा तिथे ते हातोडीने हलकी टिचकी मारतात आणि त्याच जागी सरस्वतीबाईंचा घण येतो. टिचकी, घण. टिचकी, घण. बोलणं नाही. पान पातळ झालं की इंद्रभान हातोडी ऐरणीच्या कडेला आडवी ठेवतात. हातोडी आडवी झाली की घण थांबतो. त्याआधी घणवाल्याने आपल्या मनाने थांबायचं नाही, हात भरून आले तरी. थांबला तर लोखंड अर्धवट थंड होतं आणि फुटतं.

तोंडाने सांगत का नाहीत, असं मी विचारलं. सरस्वतीबाई म्हणाल्या, "तोंडानं सांगत असते तर तीस वर्सांत आमची काडीमोडच झाली असती."

हातोडी ठेवली की इंद्रभान आणखी एक गोष्ट करत. उजवा तळवा ऐरणीवर पूर्ण टेकवत आणि मग कपाळाला लावत. प्रत्येक पानानंतर. ऐरण तापलेली असे, पण त्यांच्या हाताची कातडी ते सहन करणारी होती.

वाचकाला आकडा आवडतो, म्हणून एका पानाला किती घाव लागतात ते मी मोजलं. अठरा. पुढच्या पानालाही अठरा. तिसऱ्या पानाला मी वहीत रेघा मारत होते, डोळे कागदावर होते, आणि रेघा एकोणीस झाल्या.

मी पुन्हा मोजलं, या वेळी घणाकडे पाहत. अठराव्या घावानंतर हातोडी आडवी झाली, सरस्वतीबाईंनी घण जमिनीवर टेकवला. आणि मग आणखी एक घाव वाजला.

पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमतो. मी तसं वहीत लिहिलं आणि निघाले.

रात्री लेख लिहिताना रेकॉर्डिंग ऐकलं. प्रत्येक घावाआधी टिचकी ऐकू येते. एकोणिसाव्या घावाआधी टिचकी नाही. प्रतिध्वनी असता तर तो अठराही घावांना यायला हवा होता.

दुसरी भेट, नऊ मार्च, दुपारी दोन. या वेळी मी घड्याळ लावून मोजलं. हातोडी आडवी झाल्यापासून एकोणिसाव्या घावापर्यंत एक सेकंद. दहा पानं पाहिली, दहाही वेळा तो आला. शेवटच्या दोन पानांना दीड सेकंद.

आजूबाजूला दुसरं कारण शोधलं. पलीकडच्या पिठाच्या गिरणीला त्या दिवशी सुट्टी होती. मागच्या विहिरीवरची मोटर बंद होती. चिखलीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या ओळखीच्या प्राध्यापकांना फोन केला. ते म्हणाले, मोठा लोखंडी ठोकळा थंड होताना आवाज करू शकतो, पण बारीक, टकटक असा. मी त्यांना रेकॉर्डिंग पाठवलं. त्यांचा निरोप आला की यात वेगळं काहीच नाही, हा घणाचाच आवाज आहे.

मग मी एक साधी गोष्ट केली. भट्टीतली चिमूटभर राख पानाशेजारच्या मोकळ्या ऐरणीवर पसरली. हातोडी आडवी झाली, घण जमिनीवर टेकला, आणि दोन सेकंदांनी राख मधल्या भागातून उडाली. तिथे रुपयाएवढी गोल, स्वच्छ जागा झाली.

इंद्रभान यांनी ते पाहिलं. त्यांनी तळव्याने राख पुसली आणि तळवा कपाळाला लावला.

बाहेर आल्यावर मी सरस्वतीबाईंना विचारलं, त्यांना तो आवाज येतो का. त्या म्हणाल्या, पत्रा बोलते. मी म्हटलं, राखेचं काय. त्यांनी घणाच्या दांड्यावरचा घाम पदराने पुसला आणि मला चहा विचारला.

तिसरी भेट सोळा मार्चची. दारात सुचिता बसली होती, तयार दिव्यांना वायर जोडत. एकोणीस दिवे झाले होते. शेडच्या आड्याला टांगलेल्या एका दिव्यात तिने बल्ब लावून दाखवला. पानांच्या फटींतून उजेडाच्या पट्ट्या जमिनीवर पडल्या. दिवा खरोखर देखणा होता, आणि मी तसं तिला सांगितलं.

"बाबांचं बोट पाहा आधी," ती म्हणाली.

इंद्रभान यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख काळं पडलं होतं. काय लागलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, लागलं काहीच नाही, सकाळी होतंच तसं. आदल्या दिवशी शेवटच्या पानाला हात ठेवला तेव्हा आवाज झाला, एवढंच ते बोलले.

मी घड्याळ लावलं. हातोडी आडवी झाल्यापासून इंद्रभान यांचा तळवा ऐरणीवर यायला तीन ते साडेतीन सेकंद लागत. त्या दिवशीच्या पहिल्या पानाला एकोणिसावा घाव पावणेतीन सेकंदांनी आला. पाचव्या पानाला तीन सेकंदांनी. नऊ तारखेपासून तो रोज थोडा थोडा उशिरा येत होता, आणि त्याची वाट कुठल्या क्षणाकडे होती ते आता वहीतल्या आकड्यांवरून कुणालाही दिसलं असतं.

मी ते इंद्रभान यांना दाखवलं. वही त्यांच्यापुढे धरली. त्यांना म्हटलं, हात ठेवायचा तर दहा सेकंद थांबून ठेवा. आधी तो वाजून जाऊ द्या.

"थांबतो," ते म्हणाले.

एकवीस तारखेला सुचिताचा फोन आला. मी पंचायत समितीत होते, ते काम सोडून गेले. ही चौथी भेट.

इंद्रभान यांच्या उजव्या हाताला बँडेज होतं. एक्स-रे मी स्वतः खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. तळव्यातल्या दोन हाडांना तडे होते. खामगावच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, हातावर काय पडलं. वजनदार असणार, त्यांनी सांगितलं होतं, आणि असं पुन्हा एकदा झालं तर बोटं मिटणार नाहीत. मिटली नाहीत तर हातोडी धरता येणार नाही, वेल्डिंगचा हँडलही नाही.

ते माझ्या सांगण्याप्रमाणे थांबले होते. दहा सेकंद, मग वीस. आवाज आला नाही. एका पानाला सुचिताने मोबाइलवर पूर्ण तीन मिनिटं मोजली. शेड शांत. मग इंद्रभान यांनी तळवा टेकवला आणि त्याच क्षणी घाव पडला.

म्हणजे सेकंदांना काही अर्थ उरला नव्हता. तो हाताची वाट पाहत होता.

सुचिताने ऑर्डर सोडायची तयारी केली होती. आई-बापाला तिने सकाळपासून हेच सांगितलं होतं. ते जमत नसेल तर निदान हात ठेवणं सोडा, चाळीस दिवे पुरे करा आणि ऐरण पुन्हा पोत्याखाली घाला. "रोज कपाळाले हात लावून तुमाले काय भेटलं?" तिने बापाला माझ्यासमोर विचारलं. तिने हातातला वायरचा तुकडा खाली टाकला.

इंद्रभान यांनी डाव्या हातातल्या सांडशीने भट्टीतला एक निखारा मागे सारला.

"हात न ठेवता मी ऐरनीवरून उठलो तो एकच डाव," ते म्हणाले. "आता पुना नाही उठनार."

पुढचं सरस्वतीबाईंनी सांगितलं. इंद्रभान तोवर बाहेर ट्रॉलीवर जाऊन बसले होते. त्यांना ऐकू जात असणार.

अकरा वर्षांपूर्वी इथे दोन घण चालत. दाराकडून सरस्वतीबाई आणि खिडकीकडून जानराव, इंद्रभान यांचा धाकटा भाऊ. जानराव तब्येतीने दांडगा आणि स्वभावाने हट्टी. एका सकाळी वखराची पास, म्हणजे जमीन कापणारं लोखंडी पातं, घडवताना तो हातोडी आडवी होण्याआधीच थांबला आणि पास फुटली. इंद्रभान गिऱ्हाइकासमोर त्याला बोलले. मी हातोडी आडवी ठेवत नाही तोवर थांबायचं नाही, मेलास तरी.  दुपारी दुसरी पास घेतली. त्या दिवशी सरस्वतीबाई माहेरी होत्या, एकटा जानरावच घणावर. अर्ध्या कामात बाहेर कुणी ट्रॅक्टरवाला आला आणि त्याने हाक मारली. इंद्रभान हातोडी हातात घेऊनच बाहेर गेले. ऐरणीवर ठेवली नाही, तळवाही टेकवला नाही.

बाहेर त्यांचं बोलणं वीस मिनिटं चाललं. आतून घणाचे घाव येत राहिले. लोखंड केव्हाच काळं झालं असणार. इंद्रभान यांना ते कळत होतं. भाऊ जिद्दीवर आला आहे, जिरू दे थोडी, असं त्यांना वाटलं. ट्रॅक्टरवाल्याला ते हसून तसं म्हणालेही. मग आवाज थांबला. ते आत आले तेव्हा जानराव ऐरणीवर पालथा पडलेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय.

दुसऱ्या दिवसापासून ऐरण पोत्याखाली गेली. तिच्यावर पुन्हा हातोडीची टिचकी पडली ती या दिव्यांसाठी.

मी माझ्या कामाची सवय म्हणून विचारलं, हातोडी तर इंद्रभान आता रोज आडवी ठेवतात, मग काय राहिलं.

"हातोडीचा दांडा ज्याच्याकडं, त्यानं थांबायचं," सरस्वतीबाई म्हणाल्या. "दोन घन असले का तसंच असते. हे रोज दांडा माह्याकडं ठेवतात. मले थांबवतात." त्यांनी खिडकीकडे पाहिलं नाही. "त्याले थांब म्हून आजवर कोनं सांगतलं?"

पाचवी भेट, अठ्ठावीस मार्च, दुपारी तीन.

सुचिताला त्यांनी बल्ब आणायला खामगावला पाठवलं होतं. मला का बोलावलं ते मी विचारलं नाही. सरस्वतीबाईंनी घण उचलून बाहेर उन्हात नेऊन ठेवला आणि त्या दाराच्या चौकटीत, पाठ टेकून उभ्या राहिल्या. शेडमध्ये दुसरा घण नव्हता. मी भिंतीशी होते, ऐरणीपासून आठ फुटांवर. फोनचं रेकॉर्डिंग तीन वाजून नऊ मिनिटांनी सुरू केलं.

बाहेर रस्त्यावरून एस.टी. गेली. इंद्रभान यांनी भट्टीतून पट्टी काढली. ती पानाची नव्हती. रुंद, जाड, एका बाजूला अर्धी ठोकलेली जुनी पट्टी होती, जानरावच्या हातून अर्धवट राहिलेली पास असणार. तिचा रंग पिकल्या लिंबासारखा झाला होता. त्यांनी पंखा बंद केला. पट्टी सांडशीने ऐरणीवर धरली. बँडेजमधल्या उजव्या हाताने, तीन बोटांत, हातोडी उचलली.

त्यांनी कधी नव्हे ते तोंड खिडकीकडे केलं.

टिचकी मारली.

काही झालं नाही. निखारे तडतडले.

मग घाव पडला.

लोखंड दबलं. मी ते पाहिलं. पट्टीचा मधला भाग दोन बोटं रुंद झाला आणि कडेने ठिणग्या उडाल्या. दारात सरस्वतीबाईंचे दोन्ही हातांत पदराशिवाय काही नव्हतं.

टिचकी. घाव. टिचकी. घाव.

घाव सरस्वतीबाईंच्या घावांपेक्षा जड होते. ओंडका हादरत होता, ते माझ्या तळपायांना कळत होतं. पास आकाराला येत होती. इंद्रभान सांडशी फिरवत होते, धार काढत होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तरुण दिसत होते ते. त्याच वेळी मला खरी भीती वाटली.

अठरा झाले. एकोणीस. वीस. पंचवीस.

लोखंड लाल झालं, मग तपकिरी, मग काळं. पास तयार होती. इंद्रभान टिचक्या मारतच होते. थंड लोखंडावर घाव कोरडे वाजत होते.

"बस करा आता," सरस्वतीबाई दारातून म्हणाल्या.

टिचकी. घाव.

"अवो. तुमी थांबले नाही तर तो कसा थांबन?"

इंद्रभान यांचा हात वरच राहिला. घाव पडला नाही. तीन वाजून सव्वीस मिनिटं झाली होती.

त्यांनी हातोडी आडवी ठेवली. दांडा खिडकीकडे.

पास बाजूला केली. डाव्या हाताने उजव्या हाताचं बँडेज सोडायला लागले. त्याला वेळ लागला. खालचा तळवा सुजून जांभळा झाला होता. सरस्वतीबाई एक पाऊल पुढे आल्या आणि थांबल्या. मीही भिंतीशीच राहिले. त्यांना अडवायला हवं होतं, असं नंतर पुष्कळदा वाटलं.

इंद्रभान ताठ उभे राहिले, डोळे मिटले, आणि हात लांब करून तळवा ऐरणीवर टेकवला.

मी सेकंद मोजले.

पाच. दहा. वीस.

घाव आला नाही.

चाळिसाव्या सेकंदाला त्यांच्या हाताच्या पाठीवर घामाचा एक थेंब पडला.

मी वर पाहिलं. पत्रा कोरडा होता. इंद्रभान यांचं डोकं ऐरणीपासून दोन हात मागे होतं. सरस्वतीबाई दाराशी होत्या. ऐरणीवर ओणवं असं कुणी नव्हतं.

इंद्रभान यांनी हात काढला नाही. डोळेही उघडले नाहीत.

दुसरा थेंब पडला. मग तिसरा, जरा उशिराने, घण खाली ठेवून दमलेला माणूस हळूहळू मान वर करताना पडावा तसा, बोटांच्या टोकाशी, खिडकीच्या बाजूला.